बाबांच्या पिकअपला पुढचा सॉलिड ॲक्सल परत बसवला, त्याची सगळी हकीकत

ज्यांच्याकडे जुनी जीप किंवा पिकअप आहे आणि पुढच्या ॲक्सलचं काम डोक्यात आहे त्यांच्यासाठी लिहितेय. काम सुरू केलं तेव्हा मला एकाच ठिकाणी सगळं सांगणारं कुणी भेटलं नाही, थोडं कुर्ल्यात कळलं, थोडं आरटीओच्या खिडकीवर आणि बाकीचं बाबांकडून. जुलै २०२२ ला सुरुवात झाली, जानेवारी २०२३ ला संपलं. तारखा आणि पैसे वहीत लिहिलेले आहेत, त्यातूनच सांगते.

गाडी महिंद्राची जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी), पुढे दोघांची केबिन, मागे छोटा हौदा, इंजिन पूजोचं २११२ सीसीचं डिझेल. बाबांनी सप्टेंबर १९९७ मध्ये नवी घेतली, खाजगी नोंदणीवर. आम्ही राहतो भांडुपला, शेती मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या पुढे, आणि शेवटचा दीड किलोमीटर कच्चा रस्ता, त्यात एक ओढा लागतो. तो ओढा आहे म्हणूनच फोर बाय फोर घेतली होती.

२०१८ मध्ये बाबांच्या कमरेने उचल खाल्ली. पुढे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असलेली गाडी दणके देतेच, शिवाय स्टिअरिंग जड झालं होतं आणि दोन्ही नकलमधून (पुढचं चाक जिथे वळतं तो सांधा) तेल गळत होतं. एका गॅरेजवाल्याने सुचवलं की हे सगळं काढून टाका, मी दुसऱ्या गाडीचं टॉर्शन बारवालं (पाट्यांऐवजी पिळला जाणारा दांडा असतो ते) इंडिपेंडंट सस्पेन्शन बसवून देतो, गाडी कारसारखी चालेल. बाबांनी हो म्हटलं. गाडी खरंच मऊ झाली, पण फोर बाय फोर गेलं, ट्रान्सफर केसचं (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे पाठवणारी गिअरची पेटी) पुढचं तोंड पत्रा लावून बंद केलं, मूळ ॲक्सल भंगारात गेला. त्यानंतरचे चार पावसाळे पिकअप ओढ्याच्या अलीकडे उभी राहायची आणि खताच्या गोण्या माणसांच्या डोक्यावरून पलीकडे जायच्या. बाबा काही बोलायचे नाहीत, पण अलीकडच्या काठावर उभं राहून बघत बसायचे ते मला दिसायचं.

ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सॉलिड ॲक्सल म्हणजे दोन्ही चाकं एकाच लोखंडी हाउसिंगने जोडलेली, मधे डिफरन्शियल, म्हणजे ताकद दोन्ही चाकांना वाटणारे गिअर. एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली दाबलं जातं, जमीन सोडत नाही, आणि गाडी कितीही दबली तरी डिफरन्शियल जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर राहतं. इंडिपेंडंटमध्ये प्रत्येक चाक आपापलं हलतं, डांबरी रस्त्यावर खूप छान वाटतं, पण गाडी दबली की मधला भाग खाली येतो. म्हणूनच जिप्सीला आणि जुन्या थार डीआयला पुढे पाट्यांवरचा सॉलिड ॲक्सल होता, आताच्या जिम्नीलाही पुढे-मागे सॉलिडच आहे, २०२० च्या थारला मात्र पुढे इंडिपेंडंट. दोन्ही चांगलेच आहेत, तुमचा रस्ता कुठला त्यावर ठरवा.

आता आरटीओ. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी रिन्यू करायची. आमची १८ सप्टेंबर २०२२ ला संपत होती. मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो, त्याआधी नाही, म्हणून २६ जुलैला परिवहनच्या साइटवर फॉर्म २५ भरला. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या चारचाकीची फी ६०० वरून थेट ५,००० झाली होती, तेवढी भरली, वर डिझेलचा पर्यावरण कर ३,५००. विमा नुसता थर्ड पार्टी घेतला तरी १५०० सीसीच्या वरच्या गाडीला हप्ता ७,८९७ आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ९,३१८ झाले. पीयूसी काढली. अपॉइंटमेंट ३ ऑगस्टची मिळाली.

३ ऑगस्टला सकाळी मी आणि बाबा गेलो. इन्स्पेक्टर साहेबांनी चासी नंबर बघितला, दिवे बघितले, मग खाली वाकून पुढच्या चाकांच्या आत टॉर्च मारला आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. उठल्यावर म्हणाले, "हे कंपनी फिटिंग नाहीये. आरसीला फोर बाय फोर आहे आणि पुढे ॲक्सलच नाही." मी सांगायचा प्रयत्न केला की कमरेच्या त्रासामुळे केलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगितलं, कंपनीने जे मूळ स्पेसिफिकेशन दिलंय त्यापेक्षा वेगळा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टाचा ९ जानेवारी २०१९ चा निकालही त्यांनीच सांगितला. घरी येऊन मी वाचलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० पर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं हेही तेव्हाच कळलं. कागदावर शेरा मिळाला, पुढचं सस्पेन्शन मूळ स्थितीत आणून गाडी पुन्हा दाखवावी.

बाहेर एक एजंट भेटला, म्हणाला होऊन जाईल, खर्च करा. बाबा त्याला म्हणाले, "नको रे बाबा, चूक माझी आहे, ती मीच दुरुस्त करतो." रिक्षात बसल्यावर ते एकच वाक्य बोलले, "तो ॲक्सल मी भंगारात नव्हता द्यायला पाहिजे." तेव्हाच मी ठरवलं की हे करायचं.

इथे एक गोष्ट नीट सांगते कारण मला यावर बरेच जण विचारतात. तुमची गाडी कंपनीतूनच इंडिपेंडंट सस्पेन्शन घेऊन आली असेल आणि तुम्हाला तिला सॉलिड ॲक्सल लावायचा असेल, तर रस्त्यावरच्या गाडीला ते करू नका. आमचं काम मान्य झालं कारण आम्ही गाडी मूळ होती तशी परत करत होतो. त्यामुळे लोखंडाला हात लावायच्या आधी कागद बघा. आरसी, गाडीचं जुनं ओनर्स मॅन्युअल, चासीवरची प्लेट, या तिन्हीचे फोटो काढून ठेवा. आमच्याकडे १९९७ चं मॅन्युअल आईने कपाटातल्या लग्नाच्या अल्बमखाली जपून ठेवलेलं होतं, त्याचा पुढे फार उपयोग झाला.

३१ ऑगस्टला गणपती, त्यामुळे सगळं तसंच राहिलं. विसर्जन झाल्यावर, मुदत संपायच्या आत म्हणजे १२ सप्टेंबरला, गाडी चालवतच भांडुपच्या एका गॅरेजला नेली. मुदत संपल्यावर ती रस्त्यावर चालवता येत नाही, त्यामुळे गॅरेजला पोचवायची असेल तर आधीच पोचवा. मिस्त्री जुना माणूस, जीपांवरच हात बसलेला, बोलणं कमी. त्यांनी गाडीखाली पडून बघितलं आणि म्हणाले, "ताई, ॲक्सल तुम्ही आणा, पण रेशो बघून आणा. चुकलात तर ट्रान्सफर केस फुटेल."

हा रेशोचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. रेशो म्हणजे दोन्ही चाकं एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्ट (डिफरन्शियलला फिरवणारा लांब दांडा) किती वेळा फिरतो ते. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचा रेशो एकच असायला लागतो, नाहीतर फोर बाय फोर टाकलं की पुढची चाकं एका वेगाने ओढतात आणि मागची दुसऱ्या, आणि सगळा ताण गिअरवर येतो. महिंद्राच्या जुन्या गाड्यांत ५.३८ पण मिळतो आणि ४.८८ पण, म्हणजे क्राउनला (डिफरन्शियलचा मोठा गिअर) ४३ दात आणि पिनियनला (त्याला फिरवणारा छोटा गिअर) ८, किंवा ३९ आणि ८. बाहेरून हाउसिंग अगदी सारखंच दिसतं. पत्र्याची छोटी चकती असते रेशो लिहिलेली, पण पंचवीस वर्षांत ती राहत नाही.

मग मोजायचं कसं, तर बाबांनी शिकवलं. बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. बाकीच्या चाकांना लाकडी ओंडके लावले, हॅन्डब्रेक सोडला, गिअर न्यूट्रल, मागचं फक्त उजवं चाक जॅकवर उचललं, डावं जमिनीवरच. टायरवर खडूने एक रेघ, प्रोपेलर शाफ्टवर एक रेघ. मी चाक फिरवायचं आणि बाबा स्टुलावर बसून, मान वाकडी करून शाफ्टचे फेरे मोजणार. एकच चाक फिरत असल्यामुळे चाकाचे दोन फेरे म्हणजे रेशोएवढे फेरे शाफ्टचे. दोनच फेरे फिरवलेत तर पाच की साडेपाच यात घोळ होतो, म्हणून वीस फेरे फिरवायचे. ५.३८ असेल तर शाफ्टचे जवळजवळ चोपन्न होतात, ४.८८ असेल तर एकोणपन्नासला जरासे कमी. माझे वीस झाले तेव्हा बाबा "त्रेपन्न... आणि हे बघ, पाऊण" म्हणाले. म्हणजे आम्हाला ५.३८ हवा होता.

१७ सप्टेंबरला शनिवारी मी एकटीच कुर्ल्याला गेले, सीएसटी रोडच्या बाजूला जुन्या पार्ट्सची दुकानं आहेत तिकडे. जिकडे तिकडे ॲक्सल एकावर एक रचलेले, काळं तेल, पावसाचं पाणी, आणि बाई ॲक्सल घ्यायला आलीय म्हटल्यावर पहिल्या दुकानात कुणी उठलंच नाही. दुसऱ्या दुकानात २२,००० ला एक दाखवला, म्हणाले सगळे एकच असतात मॅडम. मी म्हटलं फिरवून बघू दे. सुट्या ॲक्सलवर सोपं आहे, एक हब पोऱ्याने पायाने दाबून धरला, दुसरा मी फिरवला, पिनियनच्या फ्लँजवर खडू. एकोणपन्नास. नाही घेतला. पुढच्या शनिवारी परत गेले, दोन दुकानं फिरले, काही नाही. कुणी म्हणालं दिल्लीच्या मायापुरीतून मागवा, कुणी म्हणालं मंडी डबवालीला जीपांचंच काम चालतं तिकडून येईल. पण न बघता, न फिरवता ॲक्सल घ्यायची माझी तयारी नव्हती. शेवटी दसऱ्यानंतर, ८ ऑक्टोबरला, ज्या पहिल्या दुकानात कुणी उठलं नव्हतं त्याच गल्लीत आतल्या बाजूला एक चाचा भेटले, त्यांनी स्वतः हब धरला आणि मला मोजू दिलं. चोपन्नला थोडे कमी. २६,००० ला घेतला, फ्री व्हील हब (पुढची चाकं ॲक्सलला जोडायला-सोडायला हाताने फिरवायचे) वेगळे ६,५००.

बिल घ्याच. मी बिलावर दुकानाचा जीएसटी नंबर, ॲक्सलचं वर्णन आणि तो ज्या स्क्रॅप गाडीतून निघाला तिचा तपशील लिहून घेतला. चाचा आधी कंटाळा करत होते, पण मी दुकानात बसूनच राहिले तर लिहून दिलं. पुढे आरटीओत पहिला हाच कागद मागितला.

हाउसिंग सरळ आहे का ते डोळ्याने कळत नाही, म्हणून टेम्पोतून येताना साकीनाक्याला एका लेथवाल्याकडे उतरवलं, त्याने लेथवर धरून तपासलं, ९०० रुपये घेतले. सरळ होतं. वाकडं निघालं असतं तर सगळे पैसे पाण्यात, त्यामुळे हे ९०० वाचवू नका.

मग ॲक्सल उघडला. आतलं क्राउन-पिनियन चांगलं होतं, दातांना खड्डे नाहीत, पण किंगपिनची (नकल जिच्यावर वळते ती खुंटी) बेअरिंगं गेलेली, सील कडक, आणि नकलच्या आतला गोल बॉल गंजलेला. या जुन्या ॲक्सलची नकल बंद असते, आत यू जॉइंट (कोनात वाकूनही फिरणारा सांधा) तेलात बुडालेला, आणि बॉलभोवती नमद्याचं (दाबलेल्या लोकरीचं) सील असतं. बॉलवर गंजाचे खड्डे असतील तर कितीही नवा नमदा लावा, तेल गळणारच, आमच्या २०१८ च्या गळतीचं कारणही बहुतेक तेच असणार. मी दोन संध्याकाळी ऑफिसवरून येऊन फक्त तो बॉल घासत बसले, आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग रॉकेलचा बोळा. बोट फिरवल्यावर कुठे अडत नाही असं झालं की थांबायचं. नवा नमदा बाबांनी रात्रभर तेलात भिजत ठेवला, डब्याला झाकण लावून, गॅसच्या शेगडीपासून लांब, आणि आईला तीनदा सांगितलं की हे फेकू नको.

बेअरिंगं मुंबईतल्या नागदेवीच्या बाजारातून आणली. जुनी बेअरिंगं पिशवीत घालून न्या, नंबर पुसलेला असला तरी दुकानदार माप घेऊन काढून देतो, आणि खूपच स्वस्त मिळालं तर खोक्याकडे आणि कोरलेल्या नंबराकडे नीट बघा, कारण नकली माल खूप आहे. बेअरिंग, सील, यू जॉइंट, शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) मिळून १४,५०० गेले. जुन्या विलीज जीपचं मॅन्युअल मिळालं तर ठेवा, महिंद्राने मुंबईतच माझगावला विलीज जीप जोडण्यापासून सुरुवात केली होती आणि या ॲक्सलची बांधणी त्याच वळणाची आहे. किंगपिनचा ताण शिमने बसवायचा असतो, नकल भाजीवाल्याकडे असतो तसल्या स्प्रिंगच्या काट्याने ओढून बघायची, किती वजनाला हलते. सैल राहिली तर पुढे वेगात स्टिअरिंग थरथरतं, आणि ते थरथरणं भयंकर असतं.

दिवाळी २४ ऑक्टोबरला झाली आणि वेल्डर छठला गावी गेला, तो ९ नोव्हेंबरला परत आला. हे दोन आठवडे मला फार जड गेले. गाडी पुढून पूर्ण उघडी, चाकं नाहीत, चासी दोन घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), वरून नोंदणीची मुदत गेलेली आणि दर महिन्याला ५०० लेट फी चढतेय. रात्री झोप लागायची नाही, वाटायचं की आपण बाबांची चालती गाडी मोडून ठेवली. ज्यांचं काम असं अर्ध्यात अडकलंय त्यांना एवढंच सांगते की या दिवसांत दुसऱ्या मेकॅनिककडे गाडी हलवू नका, सुटे भाग हमखास हरवतात. मी त्या वेळात सगळे नटबोल्ट डब्यांत भरून वर चिठ्ठ्या लावल्या.

वेल्डिंगचा भाग सगळ्यात नाजूक. २०१८ मध्ये पाट्यांचे मूळ हँगर (पाटे चासीला जिथे अडकतात ते तुकडे) कापून तिथे टॉर्शन बारचा क्रॉस मेंबर (आडवा दांडा) वेल्ड केलेला होता. तो काढताना चासी कापायची नाही, फक्त वेल्ड ग्राइंडरने घासून उतरवायचा, त्याला पूर्ण दोन दिवस गेले. चासी नंबर कोरलेला असतो त्या जागेवर ओलं गोणपाट बांधून ठेवलं, कारण तिथे एक ठिणगीचा डाग जरी पडला आणि नंबर बिघडला तर आरटीओत उभं राहायची सोय नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार काढा.

नवीन हँगर आधी फक्त टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारून बसवले. मिस्त्री म्हणाले, बरोबर आहे, डोळ्याने दिसतंय, पूर्ण वेल्ड मारू. बाबा म्हणाले, थांबा. त्यांनी खिशातून ओळंबा काढला, त्यांच्या कारखान्यातला पितळेचा, घरून घेऊन आले होते हे मलाही माहीत नव्हतं. चासीच्या मागच्या दोन भोकांतून आणि पुढच्या दोन हँगरच्या पिनांतून एकेक करून ओळंबा सोडला, तो हलायचा थांबेपर्यंत आम्ही कुणी बोललो नाही, आणि जिथे टोक आलं तिथे जमिनीवर मी खडूने फुली मारली. चार फुल्या झाल्या. मग टेप लावून दोन्ही तिरपी मापं घेतली, उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे. अकरा मिलिमीटरचा फरक. म्हणजे ॲक्सल तिरका बसला असता आणि गाडी कायम एका बाजूला ओढत राहिली असती. टॅकच होते म्हणून तासाभरात तोडून परत लावले, दुसऱ्यांदा फरक दोन मिलिमीटर आला, तेव्हा बाबा "आता मार" म्हणाले. मिस्त्रींनी तो ओळंबा हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "काका, हा मला दोन दिवस ठेवायला द्याल?" बाबांनी दिला.

पाटे नवे घेतले, जोडी ११,०००. यू बोल्ट, शॅकल, बुश वेगळे. पुढचा प्रोपेलर शाफ्ट बनवून घेताना माप नेहमी गाडी पूर्ण वजनाने चाकांवर उभी असताना घ्या, जॅकवर असताना घेतलेलं माप चुकतं कारण पाटे लोंबलेले असतात, आणि मग पाटा दबला की शाफ्ट आतल्या आत ठोकतो. स्टिअरिंगचे ड्रॅग लिंक आणि टाय रॉड नवेच घातले. ब्रेकमध्ये आमचे दहा दिवस गेले. २०१८ मध्ये पुढे डिस्क आल्या होत्या, आता परत मूळ ड्रम. ड्रम बसवले पण पॅडल पहिल्या दाबाला खाली जायचं, दुसऱ्याला घट्ट. तीनदा हवा काढली, सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करून, तरी तेच. शेवटी लक्षात आलं की मास्टर सिलिंडर (पॅडलचा दाब ब्रेकच्या लाइनमध्ये पाठवणारा) डिस्कवालाच राहिला होता, ड्रमला लाइनमध्ये थोडा दाब टिकून राहावा लागतो तो यात राहत नाही. मूळ प्रकारचा मास्टर सिलिंडर लावल्यावर पहिल्याच दाबाला पॅडल वर. तुम्ही ब्रेक बदलणार असाल तर मास्टर सिलिंडर त्याच यादीत लिहा.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी गॅरेजच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर पहिल्यांदा चालवली, रस्त्यावर नाही. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नव्हतं. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव, कमी होता. पाटा आणि ॲक्सलच्या मधे दोन अंशांच्या लोखंडी पाचरी घातल्या, दोन्ही बाजूंना सारख्या, जाड बाजू कुठे ते नीट बघून, कारण उलटी पाचर घातली तर जेवढं बिघडलंय त्याच्या दुप्पट बिघडतं. त्यानंतर टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली ठेवणं) टेप आणि खडूने केलं आणि स्टिअरिंग हात सोडल्यावर परत यायला लागलं. त्या संध्याकाळी मी घरी चालत गेले, खूप हलकं वाटत होतं.

दुसरं पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, ११ जानेवारी २०२३, बुधवार. गाडी फ्लॅटबेडवर (गाड्या वाहून नेणारा ट्रक) नेली, जाऊन-येऊन ७,००० घेतले, महाग वाटलं पण मुदत संपलेल्या आरसीवर आणि त्यामुळे लटकलेल्या विम्यावर गाडी रस्त्यावर काढणं म्हणजे कुणाला लागलं तर आयुष्यभराचं ओझं. चार महिन्यांची लेट फी २,००० भरली. सोबत साधा अर्ज लिहिला, की आरसीत कुठलाही बदल नोंदवायचा नाही, आधीच्या शेऱ्याप्रमाणे गाडी मूळ स्थितीत आणली आहे, आणि जोडीला ॲक्सलचं बिल, गॅरेजचं बिल, मॅन्युअलच्या पानाची झेरॉक्स, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो. साहेब दुसरे होते. त्यांनी आधीचा शेरा वाचला, कागद बघितले, खाली वाकले, मग मला म्हणाले फोर बाय फोर टाकून दाखवा. बाबांनी उतरून दोन्ही हब लॉक केले, मी लिव्हर ओढला, गाडी दहा फूट पुढे घेतली, दहा फूट मागे. ब्रेकच्या ट्रॅकवर सरळ थांबली. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतला तेव्हा एकेक आकडा स्वच्छ उमटला, आणि मला ते ओलं गोणपाट आठवलं. आरसी २७ जानेवारीला पोस्टाने घरी आली, १७ सप्टेंबर २०२७ पर्यंत.

एकूण खर्च आरटीओ, विमा, फ्लॅटबेड सगळं धरून एक लाख त्रेपन्न हजारांच्या आसपास, त्यात मजुरी ३८,०००. काढलेलं टॉर्शन बारचं सामान विकून १७,००० परत आले. पैशाच्या बाजूने बघितलं तर एवढ्या जुन्या गाडीवर हे करावं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. गाडी आता परत दणके देते, हे लपवत नाही. बाबांसाठी सीटखाली जाड फोम घातला आणि लांबचं अंतर मी चालवते. पाचशे किलोमीटरनंतर यू बोल्ट परत आवळावे लागले, चारही थोडे सैल झाले होते, हे विसरू नका. दीड हजार किलोमीटरनंतर डाव्या नकलला तेलाची बारीक ओल दिसतेय, थेंब पडत नाही. उजवी कोरडी आहे. डावीकडचा बॉल अजून थोडा घासायला हवा होता.

फोर बाय फोर डांबरावर कधी टाकू नका, फक्त चिखलात आणि सैल मातीत, आणि काम झालं की हब मोकळे करा.

परवा, जुलैच्या दुसऱ्या रविवारी, भाताच्या आवणीसाठी गावी गेलो. मागे हौद्यात खताच्या सोळा गोण्या. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं, तळाला गोटे. मी अलीकडे गाडी थांबवली, बाबा उतरले, चिखलात वाकून आधी उजवा हब फिरवला, मग पुढून वळसा घालून डावा. हात पँटला पुसले, माझ्या बाजूच्या दाराशी आले आणि म्हणाले, "सरक तिकडे." मी सरकले. पलीकडच्या काठावर चढेपर्यंत त्यांनी गिअर बदलला नाही.